प्रभुलिंगची जागती डबी

प्रभुलिंग भुवनेश्वरीच्या नजरेत पहिल्यांदा भरला तो जेवणाच्या सुट्टीत. अक्कलकोट रोडच्या त्या कारखान्यात टॉवेलांच्या ढिगाला टेकून लालसाब नावाचा कामगार डुलकी काढत होता आणि हा सुपरवायझर सुताच्या रिकाम्या कांडीनं त्याच्या तळपायावर टकटक करत होता. सुट्टी संपायला अजून बारा मिनिटं होती. तरी चेहऱ्यावर भाव असा, की बुडता कारखाना यानंच वाचवला.

एकतीस वर्षं प्रभुलिंगनं दुसरं काही केलं नव्हतं. बिघडलेला माग त्याला दुरुस्त करता येत नसे, सुताचा नंबर ओळखता येत नसे. थांबलेलं काही दिसलं की कांडी आपटायची, एवढीच त्याची विद्या.

भुवनेश्वरी तीन महिन्यांच्या बोलीवर आली होती. परदेशी गिऱ्हाइकाला सुताच्या गोदामातल्या दमटपणाची एकवीस दिवसांची सलग नोंद हवी होती. त्यासाठी तिनं दमटपणा मोजणारी, बॅटरीवर चालणारी एक डबी जुळवली. दर पंधरा मिनिटांनी ती जागी व्हायची, आकडा आतल्या मेमरी कार्डावर लिहायची आणि पुन्हा झोपायची. सतत जळणारा बारका दिवासुद्धा तिनं बॅटरी वाचवायला उखडून टाकला होता. तिच्या अंदाजानं डबी चाळीस दिवस चालायला हवी होती. चौथ्या दिवशी मेली. बॅटरी भरून पुन्हा लावली, तर पुन्हा चौथ्याच दिवशी.

"लई शिकलीस की पोरी," प्रभुलिंग सगळ्या कामगारांसमोर म्हणाला. "तुझी डबी कुत्र्यागत झोपतीया नुसती."

"झोपते म्हणूनच टिकते, मामा."

"झोपून कुणाचं काम झालंय व्हय गं?"

मालक सोमशेखर हसले नाहीत. "आता शेवटचं," ते म्हणाले. "नाही जमलं तर दुसरीकडं काम बघ."

या खेपेला तिनं एक भर घातली. डबीवर आकडा पाहायचं बटण आधीपासूनच होतं. ते दाबलं की पडदा पाच मिनिटं उजळत असे. कुणी बटण दाबलं तर ती वेळही कार्डावर उतरेल, अशी तिनं सोय केली. दोन दिवसांनी कार्ड काढून पाहिलं. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, दर पाच-सहा मिनिटांनी बटण; म्हणजे पडदा दिवसभर उजळलेला. आणि गोदामाच्या दारात टेबल होतं एकट्या प्रभुलिंगचं.

"मामा, बटण सारखं का दाबता?"

"मी हाय म्हणून ती जागी ऱ्हातीया," तो छाती काढून म्हणाला. "न्हाय तर केव्हाच घोरली असती."

तिला राग आला नाही. राग येण्यासाठी समोरच्याची थोडी तरी किंमत वाटावी लागते.

तिनं बटण काढून टाकलं, बॅटरी भरली आणि डबी गोदामात नेऊन ठेवली. ती छत्तीस दिवस चालली. भुवनेश्वरी कायम झाली. त्याच दिवशी तिनं प्रभुलिंगच्या टेबलावर तशीच दिसणारी दुसरी डबी ठेवली. तिच्यात एक तांबडा दिवा, एक बटण आणि दोन पेन्सिल सेल. बाकी काही नाही.

प्रभुलिंग आजही दिवसभर ते बटण दाबतो, आणि सेल संपले की दुसऱ्या कुणाला हात लावू न देता स्वतः बदलतो.