कडुबाचा बॉल पाण्यात कुठून गेला

कडुबा म्हस्केचं निम्मं आयुष्य दुसऱ्यांनी मारलेले बॉल बघण्यात गेलं. दौलताबादच्या किल्ल्याखालची बापाची जमीन भावाभावांत पुरेना, म्हणून तो ऐन तरुणपणी शहरात आला आणि गोल्फच्या मैदानावर कॅडी म्हणून लागला. साहेबांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घ्यायची, त्यांच्या मागं चालायचं आणि मारलेला बॉल कुठं पडला ते ध्यानात ठेवायचं, हे त्याचं काम. पिशवी काय, कुणीही उचलतं. कॅडीची किंमत नजरेवर. वाळक्या गवतात हरवलेल्या बॉलपाशी कडुबा असा सरळ चालत जायचा, जसा काही त्यानंच तो तिथं ठेवलाय. नवा मेंबर आला की जुने सांगायचे, कडुबाला मागून घ्या.

पन्नाशी ओलांडली आणि ही नजर कडेकडेनं विझायला लागली. समोरचं नीट दिसायचं, पण आजूबाजूला काळोखी धरायची. नळकांड्यातून बघितल्यासारखं जग झालं. उडालेला बॉल त्या नळकांड्यातून कधी निसटायचा ते कळायचं नाही. कडुबानं हे कुणाला सांगितलं नाही. पुंडलिकनगरच्या खोलीत चहाचा कप लवंडला की तो बायकोला, भागूबाईला, म्हणायचा, झोप झाली नाय. मैदानावर तो कानानं काम करायला शिकला. बॉल पडल्याचा आवाज आणि बाकीच्यांच्या माना, एवढ्यावर त्याचं चालायचं. फारूख सोबत असला की सोपं जायचं. फारूख त्याच्या बरोबरीचा कॅडी, दोघं एकाच डब्यात जेवणारे. फारूखची मान वळेल तिकडं कडुबा निघायचा.

वर्षातून एकदा, हिवाळ्यात, मैदानावर कॅडींची स्पर्धा असते. त्या दिवशी मेंबर बघत बसतात आणि कॅडी खेळतात. कडुबानं ती पूर्वी जिंकलेली. यंदा त्याला खेळायचं नव्हतं, पण नाही म्हटलं असतं तर लोकांनी कारण विचारलं असतं. म्हणून उतरला. जोडीला फारूख होता. तिथं दोघं जोडीनं खेळतात आणि एकानं दुसऱ्याचे फटके लिहायचे असतात.

पायाशी ठेवलेला बॉल कडुबाला चांगला दिसत होता, आणि बाकीचं हातांना पाठ होतं. तळ्यापर्यंत सगळं ठीक गेलं.

तळं डाव्या अंगाला लांबच लांब पसरलेलं, काठानं लाल खुंट्या ठोकलेल्या. त्या खुंट्यांच्या आत बॉल गेला की एक फटका दंड. मग एक तर मागं जाऊन पहिल्या जागेवरून पुन्हा मारायचं, नाहीतर बॉल जिथून काठ ओलांडून आत गेला ती जागा धरायची, आणि तिच्यापासून दोन काठ्यांच्या अंतरात, बॉल घालायच्या खड्ड्यावरच्या झेंड्याच्या जवळ न सरकता, गुडघ्याएवढ्या उंचीवरून बॉल सोडायचा. आता ती जागा ठरवायची कुणी? तर खेळणाऱ्यानंच. त्यानं इमानानं अंदाज केला असेल, तर तो मागाहून चुकीचा निघाला तरी धरला जातो. प्रत्येकाच्या मागं पंच फिरत नसतो. सगळा कारभार माणसाच्या शब्दावर.

कडुबानं फटका मारला तो डावीकडं वळला. उन्हाची तिरीप थेट डोळ्यांत. बॉल दिसला नाही, की फारूखची मानही दिसली नाही. फक्त लांब पुढं पाण्यात डुबुक असा आवाज ऐकू आला. कडुबा त्या आवाजाच्या रोखानं चालत गेला, पार तळ्याच्या पुढच्या टोकाशी, जिथून झेंडा अगदी हाकेवर.

"इथनं गेला," तो म्हणाला.

फारूख बराच मागं काठावरच्या बाभळीपाशी थांबला होता. तो तिथून चालत पुढं आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बॉल बाभळीपाशी आत गेला, कडुबा. इथं खंड्या पक्ष्यानं पाण्यात सूर मारला, त्याचा आवाज होता."

"मी पाह्यला."

"तू पाह्यला म्हणतो तर मला मानावं लागंल. नियमच हाय तसा. पण एकदा सांग, खरंच पाह्यला का?"

मागून दुसरी जोडी येत होती. कडुबानं तिकडं कान दिला. "व्हय," तो म्हणाला आणि तिथंच बॉल सोडून त्यानं फटका मारला. बॉल झेंड्यापाशी जाऊन थांबला.

खेळ संपला तेव्हा कडुबा पहिला होता. झाडाखाली चहा चालू असताना मागच्या जोडीतल्या पोरांची कुजबुज त्याच्या कानावर आली. म्हाताऱ्यानं बॉल पुढं सरकवला म्हणे. कुणीतरी चोर हा शब्द वापरला. इतक्या वर्षांत कुणी त्याच्याकडं बोट दाखवलं नव्हतं. दिसलं नाही म्हणावं तर काम जातं, गप्प बसावं तर नाव जातं. फारूखनं त्याच्या फटक्यांच्या कागदावर अजून सही केली नव्हती. तो नुसता पेन धरून बसला होता.

कडुबा चहा तसाच ठेवून उठला आणि स्पर्धेचा कारभार बघणाऱ्या कर्नलसाहेबांपुढं जाऊन उभा राहिला. "साहेब, तळ्यावर माझा बॉल कुठनं आत गेला ते मी पाह्यलं नाय," तो म्हणाला. "मला दिसतच नाय. लई दिवस झाले."

साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं फारूखला विचारून घेतलं, मग कडुबाला समजावलं की दिसलं नव्हतं तर सोबत्याला विचारायचं, त्यानं दाखवलेल्या जागेवरून खेळायचं, त्याला नियमाची आडकाठी नव्हती. पण न बघता पाहिलं म्हणणं हा अंदाज नव्हे. आता स्पर्धेतून बाद करण्यावाचून इलाज नाही. कडुबानं मान हलवली.

परत जाताना फारूखनं त्याला स्कूटरवर घेतलं. वाटेत तो म्हणाला, "मला ठावं होतं रे. म्हणून तर मी मान जोरात वळवायचो, तुला कळावं म्हणून."

कडुबानं गाडी थांबवायला लावली. "ठावं होतं? मग बोलला का नाय? वेळेवर दवाखान्यात तरी गेलो असतो."

"तुझं काम जाईल वाटलं," फारूख म्हणाला. कडुबा उतरला आणि राहिलेली वाट कडेकडेनं चालत घरी गेला.

भागूबाईनं सगळं ऐकून घेतलं. खरं बोलला ते बरं केलं, पण ते पहिल्यांदा घरात बोलायचं होतं, एवढंच ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, औषधाचे थेंब नेमानं घातले तर राहिलेली टिकेल. आधी आला असतात तर, असं त्या म्हणायला लागल्या आणि मधेच थांबल्या.

मैदानावर कडुबाला कुणी काढून टाकलं नाही. फक्त त्याची पाळी आली की मेंबर दुसऱ्याच कुणाला हाक मारायचे. थोडे दिवस तो जाऊन बाकावर बसला, मग जायचं बंद केलं. आता तो भावाच्या हातगाडीवर दौलताबादच्या रस्त्याला पेरू विकतो. भागूबाई धुण्याभांड्याची चार घरं करते, म्हणून घर चालतं.

उन्हाळा लागेपर्यंत फारूख आणि तो एकमेकांशी बोलले नाहीत. मग एका शुक्रवारी नमाज झाल्यावर फारूख हातगाडीपाशी आला, पेरू घेतले आणि फळीवर टेकला. कोणता मेंबर सोडून गेला, कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं, असलं काहीबाही सांगत राहिला. तळ्याचा विषय निघाला नाही. तेव्हापासून तो अधूनमधून येतो. कडुबा त्याला बसायला जागा करून देतो, पण पेरूचे पैसे मात्र मोजून घेतो.