मोडकी भाषा

उत्तरा मूळची अमरावतीची. लग्न होऊन पुण्यात आली, तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सुनावलं, "ही भाषाच नव्हे, मोडकी मराठी आहे. चारचौघांत बोलू नकोस." उत्तराने आपली वऱ्हाडी गिळली. त्याला सतरा वर्षं झाली, पण ते वाक्य तिच्या जिव्हारी लागलं ते लागलंच.

आता ती अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावात राहत होती. जर्मन शिकलेली असल्याने विद्यापीठासाठी जुन्या जर्मन बोली टेप करत होती. जर्मनीत मुलखामुलखाची बोली वेगळी. बायबल, शाळा आणि छापखान्यांनी त्या सगळ्यांच्या डोक्यावर एक प्रमाण भाषा आणून बसवली. मिनेसोटात आलेल्या शेतकऱ्यांनी दोन्ही सोबत आणल्या. चर्चमध्ये प्रमाण, गोठ्यात प्लाट, म्हणजे उत्तर जर्मनीतली गावाकडची बोली. १९८४ साली एका गावात ही प्लाट बोलणारा एकच म्हातारा उरला होता, ओटो. तो गेला की तिथली बोली गेली.

आणि हा ओटो महाखडूस! तीन शनिवार झाले, टेप लावला की स्वारी पाद्र्यासारखी शुद्ध जर्मन बोलायची. प्लाटचं नाव काढलं की गुरकायचा, "ती गुरांची भाषा. मास्तरांनी छड्या मारून सोडवली."

चौथ्या शनिवारी उत्तराचं डोकं फिरलं. टेप चालू ठेवून तिने सासूबाईंचंच वाक्य त्याच्या तोंडावर फेकलं.

"बरोबर आहे तुमचं. ती भाषाच नव्हे, मोडकी जर्मन आहे. तुमची आई अडाणीच होती."

ओटो ताडकन उठला आणि त्याच्या तोंडाचा पट्टा सुटला. प्लाट, नुसती प्लाट! आईवरून, मास्तरांवरून, या आगाऊ बाईवरून, चांगली दहा मिनिटं. मग त्याने दार उघडलं आणि पुन्हा इथे पाऊल टाकू नकोस, हेही प्लाटमध्येच बजावलं. उत्तराला स्वतःची लाज वाटली. टेप मात्र तिने घट्ट धरला होता.

घरी येऊन तिने तो लावला. तिचा नवरा गुरुदत्त पेपर वाचत होता, तो फिदीफिदी हसला.

"काय गावंढळ साउंड होतंय यार! तुझ्या अमरावतीवाल्यांसारखं."

उत्तराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज याला आपल्या आईच्या वऱ्हाडीत सोलून काढायचं, सतरा वर्षांचं सगळं. तिने तोंड उघडलं.

"तुम्हाला लाज कशी वाटत नाही असं बोलायला?"

वाक्य अगदी शुद्ध होतं. सासूबाई खूश झाल्या असत्या. उत्तराने वऱ्हाडी शिवी आठवून पाहिली, निदान एखादी. एकही जिभेवर येईना. टेपवर ओटो अजून ओरडत होता.