हुसेनबीनं कमान चढवली

एकाहत्तर साली नवरा गेला आणि कापूस पिंजायचं काम हुसेनबीनं अंगावर घेतलं. पिंजण म्हणजे माणसाएवढं लाकडी धनुष्यच. त्याची आतड्याची तात ताणायची आणि लाकडी मोगरीनं हाणत राहायची. अंबडकडच्या त्या गावानं हळहळ भरपूर केली, पण गाद्या मात्र जालन्याला धाडल्या. बाईच्या हातानं तात ताणत न्हाई म्हणे.

दसऱ्याला चार दिवस होते. अप्पाराव पाटलांच्या पोरीचं लग्न ठरल्तं, म्हणून हुसेनबी गाद्यांचं विचारायला गेली. ओसरीवर पूजेची हत्यारं धुवायला काढली होती. तलवार, भाला आणि बाण मारायची एक काळी, वाकडी कमान. तिच्या दोन टोकांना लाल दोरी बांधलेली, धुणं वाळत घालायच्या दोरीसारखी ढिली.

"पाटील, ही उलटी बांधलीय."

अप्पाराव हसले. "आज्यापासनं अशीच पुजतोय. तू शिकवती का आता?"

हुसेनबीनं कमान मांडीवर घेतली. एका अंगाला म्हशीचं शिंग, दुसऱ्या अंगाला सरसानं चिकटवलेल्या जनावराच्या नसा.

"टोकं बघा. दोरीनं घासून खाच पडलीय ती शिंगाच्या अंगाला. म्हंजी शिंग आतून, नसा बाहेरून. दोरी काढली की ही कुत्र्याच्या शेपटावानी मागं वळती. तुम्ही वळली तशीच बांधली."

पाटलांची आई चांगुणाबाई उंबऱ्यात बसून ऐकत होती. "मंग सुलटी चढवून दाखव की."

"दाखवते, मोठ्या बाई. चढली तर पोरीच्या गाद्या मी पिंजणार."

"आन मोडली तर?" अप्पाराव म्हणाले.

"मंग ह्या गावात पिंजण घेऊन फिरणार न्हाई."

बोलून गेली आणि कमान घेऊन घरी आली. घरात दुसरं मिळवतं कोणी नव्हतं.

तिनं कमान नखानं टिचकून ऐकली. फुटक्या मडक्याचा आवाज कुठं न्हाई. मग कापसात गुंडाळून चुलीवर उंच टांगली. जिथं आपला हात बिनघोर राहील तिथंच, त्याच्या खाली न्हाई. शिंग वळावं म्हणून तीन दिवस ऊब दिली. तोवर जाड तात पिळून दोन्हीकडं फासे केले.

दसऱ्याच्या सकाळी ती पाटलांच्या अंगणात खाली बसली, कासोटा आवळला. कमानीला दोन्ही पाय लावून टोकं आपल्याकडं ओढली. कडूबा सुतार फासा धरून उभा. कमानीची एक बाजू पिळली गेली. तिनं लगेच सोडून दिलं.

"न्हाई जमत, बघ," अप्पाराव म्हणाले.

"घाई कुणाला हाये?"

पिळलेली बाजू तिनं निखाऱ्यावर धरली, हातानं सरळ केली, गार होईस्तोवर सोडली न्हाई. परत बसली. पाय रेटून टोकं ओढली. "कडूबा, आता," म्हणाली, आणि फासा खाचेत बसला.

तिनं अंगठ्यानं तात छेडली. पिंजणासारखीच घुमली.

अप्पारावांनी कमान घेऊन तात ओढली. "बाणाबिगर रिकामी सोडू नका," हुसेनबी म्हणाली, "फुटंल. आन संध्याकाळी उतरवायची. ताणून ठेवली की मरती."

चांगुणाबाईनं सुनेला हाक मारली, "कापसाचं गाठोडं काढ गं, जल्दी."

संध्याकाळी अप्पाराव स्वतःच कमान उतरवायला बसले. पाय लावले, घाम गाळला, चार माणसं जमवली. फासा काही हलेना. शेवटी गडी परसात धाडला. कापसाच्या धुरळ्यात हुसेनबी दिसतच नव्हती, नुसता तातीचा आवाज.

"पाटील बोलावतेत, जल्दी या."

"येते म्हणावं," आतून आवाज आला. "एवढी गादी होऊ दे."