एजन्सीने दिलेली वर्दी

कुंडलिक इंगळे फौजेतून नायक म्हणून निवृत्त झाले आणि जोगेश्वरी पूर्वेला, लेण्यांच्या मागच्या वस्तीत राहायला आले. मूळ गाव बुलढाण्याकडचं. भरती झाल्यावर पहिल्या सुट्टीत ते एसटीतून उतरले, तेव्हा गावातल्या ज्या माणसाने त्यांच्या बापाला आयुष्यात कधी धड नावाने हाक मारली नव्हती, तो उठून म्हणाला, "या कुंडलिकराव." हे ते पुढे शंभरदा सांगायचे. त्यांच्या लेखी फौज म्हणजे हेच होतं. तिथे नेम बघतात, दम बघतात. आडनाव बघत नाहीत.

मुंबईत त्यांनी एका बँकेच्या दारावर बंदूक घेऊन अनेक वर्षं काढली. मुलगा आकाश रिक्षा चालवायचा. तो हायवेवर अपघातात गेला तेव्हा मागे बायको संघमित्रा आणि शाळेत जाणारा सम्यक राहिला. त्या दोघांना कुंडलिकरावांच्या पेन्शनने सांभाळलं. मग सम्यकने फौजेत जायचं हे घरात वेगळं ठरवावं लागलंच नाही. बारावी सायन्स झाला आणि आजोबांच्या, म्हणजे आबांच्या, मागे रोज उजाडताना आरेच्या रस्त्यावर पळू लागला. आबा पुढे सायकलवर, हा मागे. शेवटी आबांनी सायकल सोडली, कारण पोरगा सायकलच्या पुढे जायला लागला होता.

कोरोनाची पहिली लाट ओसरल्यावर एक भरती मेळावा झाला. सम्यक धावला, पुलअप्स काढले, उंची-छाती बसली, डॉक्टरांनी तपासून पास केला. राहिली फक्त लेखी परीक्षा. वस्तीतल्या बायकांनी संघमित्राला पेढे मागितले. ती म्हणाली, "पेपर होऊ दे, मग वाटते."

पेपर पुढे ढकलला. परत ढकलला. पुढच्या तारखेची वाट बघत सम्यकने कॉलेज अर्धवट ठेवलं, हातात आलेली कुरिअरची नोकरी सोडली. बोलावणं कधीही येईल म्हणून पळणं मात्र एक दिवस चुकवलं नाही. कोणी विचारलं की आबा सांगायचे, "फौज उशीर करेल, पण फसवणार नाही."

आणि बावीस सालच्या जूनमध्ये नवी योजना आली. चार वर्षांची नोकरी, त्यातून चारांतला फार तर एक कायम, बाकीच्यांनी एकरकमी पैसे घेऊन घरी जायचं, पेन्शन नाही. जुनी भरती, जिथे होती तिथे बंद. ज्यांची मैदानी आणि मेडिकल झालेली, त्यांनीही पुन्हा पहिल्यापासून यायचं. मोठा बोभाटा झाल्यावर वयात सवलत मिळाली, पण वाट बघण्यात सम्यकचं वय त्याही रेषेच्या थोडं पुढे गेलं होतं. त्याला नापास कोणी केलं नाही. त्याची परीक्षाच झाली नाही.

टीव्हीवर कोटातली माणसं पेन्शनच्या बोज्याबद्दल बोलत होती. आबांनी आवाज बंद केला.

"बोजा म्हणतात," ते संघमित्राला म्हणाले. "तू, मी, हे पोर. आपण बोजा."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते भरती कार्यालयात गेले. टेबलामागचा हवालदार मराठीच निघाला. त्याने त्यांना बसवलं, चहा मागवला आणि खरं तेच सांगितलं.

"आबा, माझ्या पलटणीत दोघांचं काम एक जण करतोय. सुट्टी मागितली तर म्हणतात, बदली माणूस दाखव आणि जा. भरती बंद होती, रिटायर होणारे थांबले नाहीत. तुमचा नातू मला मिळत असेल तर मी आजच घेतो."

"मग घे ना."

"माझ्या हातात काय आहे? वरून आलंय."

"वर कोण आहे? त्याला तरी भेटतो."

सीमेवर माणूस कमी, इकडे तयार माणूस घरी बसलेला, आणि दोघांच्या मधे कोण उभं आहे ते कोणालाच सांगता येत नव्हतं. फौजेत गेल्यापासून प्रथमच आबा एका वर्दीवाल्यासमोरून जय हिंद न म्हणता उठले.

सम्यक सिक्युरिटी एजन्सीत लागला. दिंडोशीच्या एका टॉवरवर ड्युटी. तो घरून साध्या शर्टात निघायचा, साध्या शर्टात परत यायचा. सोसायटीने खर्च कमी करायला चारांतले दोन गार्ड काढले होते आणि कॅमेरे बसवले होते. उरलेले दोघे बारा-बारा तास उभे. सुट्टी घेतली तर दुसऱ्याने सलग चोवीस तास करायचे.

सम्यकचे आजोबा फौजी होते हे कानावर आल्यावर जानेवारीत त्या सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर स्वतः आबांना आमंत्रण द्यायला आले. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन, प्रमुख पाहुणे माजी सैनिक. आबांनी कोट काढला, पदकं घासली. सम्यक आदल्या दिवशी म्हणाला, "आबा, नका येऊ ना. थंडी आहे." आबांना वाटलं, पोराला आपली काळजी.

टॉवरच्या गेटवर सम्यक फौजेसारख्या ठिपक्यांच्या कपड्यात उभा होता. डोक्यावर बेरे टोपी, खांद्यावर फीत. छातीवर एक बिल्ला, आबांच्या पलटणीच्या बिल्ल्यासारखाच, फक्त पत्रा पातळ. त्याने सवयीने सॅल्यूट ठोकला आणि समोर कोण आहे ते पाहून त्याचा हात कपाळाशीच राहिला.

"हे कोणी दिलं तुला?"

"एजन्सीने."

"हा बिल्ला असा मिळत नाही."

"माहितीये, आबा. सरकारने नाही दिला. एजन्सीने दिला. लोकांना सांगायचं, आर्मीत होतो. सोसायटी त्याचे जास्त देते."

झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं. श्यामसुंदरनी माईकवर सांगितलं की आपल्या सोसायटीचं भाग्य, आजोबाही फौजी आणि गेटवरचा नातूही फौजी. टाळ्या पडल्या. मग माईक आबांकडे आला.

"माझा नातू फौजी नाही," आबा म्हणाले. आवाज चढवला नव्हता. "त्याला व्हायचं होतं. पळाला, तपासला, पास झाला. मग परीक्षाच रद्द केली. कारण काय, तर माणसं परवडत नाहीत. तुम्हालाही चार परवडत नव्हती, म्हणून दोन ठेवलीत. आणि दोघांना खोटी वर्दी घातलीत, म्हणजे चारांसारखी दिसतील. ही वर्दी मी खरोखर घातलीय. माझ्यासमोर तिचा तमाशा नको."

"आबा, आजच्या दिवशी हे विषय..." श्यामसुंदर पुढे झाले.

"मग कोणत्या दिवशी?"

लोक समोशाच्या टेबलाकडे सरकले. एक बाई जागेवरूनच म्हणाली, "बरोबर बोलतायत ते." तिच्या नवऱ्याने तिचा हात धरला.

संध्याकाळपर्यंत एजन्सीचा फोन आला. उद्यापासून येऊ नकोस, कपडे धुऊन जमा कर.

"तुम्ही बोललात, तुम्हाला बरं वाटलं," सम्यक घरी येऊन म्हणाला. "नोकरी माझी गेली. मला काय ती वर्दी घालायची हौस होती? रोज बाथरूममध्ये जाऊन घालत होतो, आरशात न बघता."

"मग त्या खोट्याला मी टाळ्या वाजवायच्या होत्या?" आबा म्हणाले. संघमित्राने ताटं वाढली आणि म्हणाली, "दोघं एकमेकांवर कशाला ओरडता? ज्यांच्यावर ओरडायचं ते इथे जेवायला बसलेत का?"

पुढे सम्यकने आयटीआयला नाव घातलं आणि आता तो गोरेगावात लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर आहे. काम त्याला आवडतं. रस्त्याने फौजेची गाडी गेली तर तो दुसरीकडे बघतो, एवढंच.

एका मंडळाने आपल्या भरती प्रशिक्षणाच्या बोर्डवर लावायला आबांकडे फोटो मागितला. आबांनी दिला नाही. शेजारची चेतना मात्र स्वतःहून दारात आली. तिला मिलिटरी पोलीसमध्ये जायचं होतं. आबांनी तिला खाली बसवून सगळं सांगितलं: चार वर्षं, मग बहुतेक घरी, पेन्शन नाही, आणि मधेच नियम बदलले तर विचारायला जागा नाही.

"माहितीये आबा. तरी शिकवा."

"तुला शिकवीन," आबा म्हणाले. "तुझ्यात दम आहे. हे नियम करणाऱ्यांबद्दल मात्र माझ्याकडून चांगला शब्द ऐकायची अपेक्षा ठेवू नकोस."