सढळ हाताची आत्या

आमच्या आत्याला हात आखडता घेणं कधी जमलंच नाही. तिच्या चहात साखर इतकी, की पाहुणा दुसऱ्या कपाला आधीच नको म्हणतो. अशा बाईला नोकरी मिळाली ती थेंब मोजण्याची!

कोंबड्यांच्या मानमोडी रोगावर लस करणाऱ्या प्रयोगशाळेत ती अंड्यांत सुई घालते. आत वाढणाऱ्या पिल्लावर विषाणू पोसला जातो, पिल्लू मरतं आणि अंड्यातल्या पाण्यात विषाणू भरून येतो. तो मारून त्याची लस. रोज सकाळी आत्या एकेक अंडं दिव्यावर धरून आतली हालचाल थांबली का ते बघते. इतकी वर्षं झाली, तरी तिला ते बघवत नाही.

नियम असा, की आधीच्या अंड्यांतलं पाणी हजारपट पातळ करून नव्या अंड्यांत घालायचं. यंदा लशीला मागणी फार. आत्याने आपल्याच डोक्याने ते पातळ न करता घातलं. पहिल्या खेपेला विषाणू बरा आला, दुसऱ्या खेपेला कमी. तिसऱ्या खेपेला दिव्यावर धरलं, तर पिल्लं मजेत हातपाय हलवताहेत! आत्या मनातून हरखली. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी मात्र कपाळाला हात लावला.

"ताई, पातळ केलं नव्हतंत?"

"नाही. म्हटलं, जास्त घातलं की जास्त येईल."

"अहो, स्वतःच्या नकला काढताना विषाणू चुकतो. काही नकला अर्धवट निघतात. त्यांना एकट्याने वाढता येत नाही. पण तुम्ही असं ठासून भरलंत, की एकाच पेशीत पुरा आणि अर्धवट शेजारी येतात. मग अर्धवट पुऱ्याच्या जिवावर वाढतो. आखूड असल्यामुळे त्याच्या नकला भराभर निघतात, आणि पुरा मागे पडतो."

"म्हणजे आयतोबाच की मेला!"

"हो. आणि आता सगळीकडे तेच झालेत. मूळ विषाणूची एकच जुनी कुपी उरलीय. ती बिघडली तर लस बंद, आणि मग तुम्हाला ठेवा म्हणून मी कुणाला सांगू शकणार नाही. सुई तुम्हीच घाला, तुमच्याइतका हलका हात इथे कुणाचा नाही. फक्त सढळ नको."

आत्याने पातळ केलं, पुन्हा पातळ केलं. प्रत्येक वेळी तिला वाटत होतं, आता यात काही म्हणजे काही उरलं नसेल. पुढचे दिवस ती घरात धड जेवली नाही.

मग एका संध्याकाळी आली ती थेट ओट्याशी जाऊन उभी राहिली. मी विचारलं, "काय गं, राहिली का नोकरी?"

"राहिली. सगळ्या अंड्यांत विषाणू भरून आलाय. बाईंनी पाठ थोपटली."

"मग रडतेस कशाला?"

"सकाळी एकेक अंडं दिव्यावर धरत होते," ती म्हणाली, "आणि मनात म्हणत होते, देवा, एकही हलू देऊ नकोस."