वाटीखालचा आकडा

देवासात दोन संस्थानं होती, थोरली पाती नि धाकटी पाती. ती विलीन झाली तशी बायकांची दोन मंडळंही एक झाली. म्हणजे सतरंजी एक, रुसवे दोन. थोरल्या पातीच्या अध्यक्षीणबाई एका टोकाला बसत, धाकट्या पातीच्या पुढारी, म्हणजे माझ्या सासूबाई, दुसऱ्या टोकाला.

रथसप्तमीच्या पहिल्याच हळदीकुंकवाला गूळपोळ्या किती करायच्या, यावर बैठक भरली. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "दोनशे बायका येतील." त्याहून कमी सांगणं म्हणजे धाकट्या पातीकडे माणसं नाहीत असं कबूल करणं. सासूबाई म्हणाल्या, "तीनशे." मग बोली चढतच गेली. हळदीकुंकवाच्याच दिवशी इंदूरला मोठं लग्न होतं आणि आपल्या गल्लीतून कोण कोण बसनं जाणार, हे प्रत्येकीला ठाऊक होतं. पण वडीलधाऱ्या बाईनं सांगितलेला आकडा खाली आणायचा आमच्यात रिवाज नाही. मी तर सून. माझा राग मी सतरंजीच्या दशा उपटून काढला.

पोळ्या इतक्या उरल्या की पुढे गल्लीतली गायसुद्धा आम्हाला पाहून तोंड फिरवी. दोन्ही पात्यांनी एकमेकींवर खापर फोडलं. सासूबाईंनी बजावलं, "पुढल्या साली असंच झालं तर आपलं मंडळ वेगळं." मला रडूच आलं. घराबाहेर पडायला मला तेवढं एकच निमित्त होतं.

पुढल्या वर्षी बैठकीत मी सगळ्यांपुढे चिंचोके ठेवले. म्हटलं, "एक चिंचोका म्हणजे वीस बायका. कोण गावाला जाणार, कुणाकडे सुतक आहे, सगळं मनात धरा. बोलायचं मात्र नाही. आपले चिंचोके पालथ्या वाटीखाली ठेवा."

"अब ये क्या नया खेल, सूनबाई?" अध्यक्षीणबाई म्हणाल्या, पण त्यांनी ठेवले.

वाट्या एकदम उचलल्या. सगळ्यांत कमी चिंचोके दोघींचे निघाले, अध्यक्षीणबाईंचे नि सासूबाईंचे. दोघींचेही पाचच. चोरी पकडल्यासारख्या दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. त्यांच्यापुढे जास्त सांगायला आता कुणाची जीभ रेटेना, म्हणून शंभरांचाच बेत ठरला.

हळदीकुंकवाला बायकाही तेवढ्याच आल्या. पण मागच्या दारी दोघी समोरासमोर आल्या, तेव्हा दोघींच्याही पदराखाली घरच्या गूळपोळ्यांचा डबा होता.

"तुम्हीही?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"कमी पडल्या असत्या तर बोल सुनेला लागला असता," सासूबाई म्हणाल्या.

दोघी हसल्या, आणि माझं मंडळ वाचलं.