आपल्या बाजूला उतरणारं गाव

आमचं स्टेशन मुळात माणसांसाठी बांधलेलंच नव्हतं. दौंडहून पुण्याकडे निघालेल्या कोळशाच्या इंजिनाला वाटेत पाणी लागायचं आणि रुळांच्या उत्तरेला, ओढ्याच्या काठी, बारा महिने पाणी असणारी एक विहीर होती. म्हणून दगडी टाकी, तिकिटाची खोली, स्टेशनमास्तरांचं क्वार्टर असं सगळं उत्तरेला झालं. गाव दक्षिणेला. गावाला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्या काळी काय उत्तर मिळालं असतं कोण जाणे. आमचे आजोबा मेंढरं घेऊन फिरायचे. रूळ म्हणजे मेंढरं अडकणारी जागा, एवढंच त्यांचं मत होतं.

पुढे गाडी माणसांसाठी थांबायला लागली आणि गावाने आपला कायदा आपणच केला. गाडीला दोन दारं असतात. एक स्टेशनकडचं आणि एक गावाकडचं. स्टेशनकडच्या दाराने उतरायचं, मग गाडीला वळसा घालून गावाकडे यायचं, हा वेडेपणा कुणी करावा? सगळे गावाकडच्या दाराने उतरायला लागले. त्याला आमच्याकडे नावसुद्धा आहे: आपल्या बाजूला उतरणं. उत्तरेची ती रेल्वेची बाजू. तिथे पावणे उतरतात, टीसी उतरतो आणि कधी नव्हे ते साहेब आले तर साहेब.

मग दुसरी लाइन पडली, गावाच्या बाजूने. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या त्या लाइनवर आल्या आणि त्यांच्यासाठी गावाला लागूनच एक फलाटही झाला. सकाळी पुण्याला जाताना काही प्रश्नच उरला नाही. संध्याकाळी पुण्याहून येणारी शटल मात्र उत्तरेच्याच फलाटाला लागते. म्हणजे आपल्या बाजूला उतरायचं तर आता मधल्या लाइनवर उतरावं लागतं, ती ओलांडून आपला फलाट चढावा लागतो. गावाने त्याचाही बंदोबस्त केला. रुळांखालून काढलेले सिमेंटचे दोन जुने स्लीपर कुणीतरी फलाटाला लावून ठेवले, त्याच्या पायऱ्या झाल्या.

या उतरण्याची एक रीत आहे आणि ती मला मनातून आवडते, हे मी गावात कुणाला सांगितलेलं नाही. गाडी थांबते न थांबते तोच एक जण खाली उडी टाकतो, रुळात पाय रोवून दोन्हीकडे बघतो आणि हात वर करतो. हात वर म्हणजे लाइन मोकळी. मग आधी सामान. पिशव्या, बोचकी, दुधाच्या रिकाम्या किटल्या हातोहात पलीकडच्या फलाटावर जातात. मग म्हातारी माणसं, मग बायका, शेवटी तरणी पोरं. हात खाली आला की जो जिथे असेल तिथे थांबतो. पिशवी कुणाची हे कुणी विचारत नाही, आणि कधी हरवत नाही. एक म्हैस सोडली तर आजवर कुणाला काही झालेलं नाही, असं लोक अभिमानाने सांगतात.

झालं नाही, कारण गाडी लांबून कळायची. कोळशाचं इंजिन धुरावरून कळायचं. डिझेलचं तर केडगावच्या अंगाला असतानाच छातीत धडधडायचं. मग वर तारा आल्या, विजेची इंजिनं आली आणि आवाज गेला. आता गाडी ऐकू येते ती जवळजवळ अंगावर आल्यावरच. मी गावातल्या हायस्कुलात शिकवतो. पोरांना वेग आणि अंतराची गणितं घालून घालून माझ्या डोक्यात तेच बसलं होतं. रोज संध्याकाळी त्या वर केलेल्या हाताकडे बघून मी मनात सेकंद मोजायचो.

मग मी अर्ज लिहायला लागलो. पादचारी पूल हवा. किती अर्ज लिहिले ते विचारू नका, आमच्या चहावाल्याने तर माझं नाव 'पूलवाले गुरुजी' असं पाडलं. शेवटी पूल आला. लोखंडी, उंच, दोन्हीकडे भरपूर पायऱ्या. उद्घाटनाला नारळ फुटला, मला हार घातला, पेढे वाटले. कार्यक्रम संपल्यावर मंडळी मधल्या लाइनवरून घरी गेली. मी हार हातात घेऊन पुलावर एकटा उभा होतो आणि खालून एक जण म्हणाला, "गुरुजी, तुमचा पूल तुमीच वापरा. आमाला घाई हाय." मला इतका राग आला की मी हार तिथेच कठड्याला अडकवून आलो.

या सगळ्यांत माझी सर्वांत मोठी विरोधक माझी आई. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, डाव्या कानाने ऐकू येत नाही, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. पुलाचं नाव काढलं की ती आधी गुडघ्यावर हात ठेवायची. म्हणायची, "चढायचं कुणी? तुझ्या अर्जानं?" तिचं आपल्या बाजूला उतरणं म्हणजे गावासाठी मानाचं काम होतं. दोघे जण तिला अलगद खाली घ्यायचे, पलीकडचा एक जण स्लीपरच्या पायरीवर हात द्यायचा. ती पोहोचेपर्यंत वर केलेला हात खाली येत नसे.

गेल्या उन्हाळ्यात ती मावशीकडे हडपसरला आठ दिवस राहायला गेली. निघायच्या दिवशी सकाळी मी तिच्याशी भांडलो. तिला स्वच्छ सांगितलं, येताना त्या बाजूला उतरायचं नाही. मी रेल्वेच्या बाजूला उभा राहीन, हात धरून पूल चढवीन, तासभर लागला तरी चालेल.

"बरं," ती म्हणाली.

"बरं म्हणजे काय? नुसतं बरं नको."

"बरं म्हंजी बरं. उतरंन तुझ्या बाजूला. पुलावरनं यीन. झालं?"

माझा तिच्यावर काडीचाही विश्वास बसला नाही. ती वाद मिटवायला बरं म्हणते, हे मी लहानपणापासून बघत आलोय.

ती परत यायच्या दिवशी मावसबहिणीचा फोन आला की आईला शटलच्या बायकांच्या डब्यात बसवून दिलंय, जवळ एक पिवळी पिशवी आहे. आईकडे मोबाइल नाही. मी पूल ओलांडून उत्तरेच्या फलाटावर जाऊन थांबलो. पाच वाजून गेले होते, ऊन चांगलंच तापलेलं होतं. शटल वीस मिनिटं उशिरा होती. त्याचं मला काही वाटलं नव्हतं, पण तेवढ्यात स्पीकरवरून सांगायला लागले की पुण्याकडे जाणारी एक्सप्रेस न थांबता पुढे जाईल, प्रवाशांनी रुळांपासून दूर राहावं. एरवी ती एक्सप्रेस शटलच्या आधीच निघून जाते. त्या दिवशी दोन्ही एकदमच येणार होत्या.

शटल आली. मी बायकांच्या डब्याबरोबर पळत होतो आणि तो माझ्या पुढे जाऊन थांबला. तिथपर्यंत पोहोचलो तोवर चार बायका फलाटावर उतरल्या होत्या. त्यात आई नव्हती.

"आमची आई बघितली का? पिवळी पिशवी हाय बघा."

एक बाई म्हणाली, "आजी व्हय? त्या पलीकडच्या दाराला गेल्यात्या की."

मी डब्यात चढलो. डब्यात कुणी नव्हतं. पलीकडचं दार सताड उघडं होतं, आणि त्या दारातून समोर, आपल्या बाजूच्या फलाटावर, आईची पिवळी पिशवी ठेवलेली मला दिसली. म्हणजे सामान गेलं होतं. सामानानंतर म्हातारी माणसं. तीस-चाळीस वर्षं मी हेच बघत होतो, दुसरा विचार माझ्या मनात आलाच नाही. मधल्या लाइनवर आता कुणी उभं नव्हतं. कुणाचा हात वर नव्हता. आई खाली कुठेतरी, स्लीपरच्या पायऱ्यांपर्यंत न पोहोचता, डब्याच्या आडोशाला अडकली असणार.

मी उडी मारली. खडीवर पाय मुरगळला. मी दोन्हीकडे बघितलं नाही. खाली वाकून डब्याखाली बघितलं, मग पुढच्या डब्याकडे पळालो, "आई, आई" म्हणून ओरडत होतो, पन्नाशीचा माणूस. पलीकडच्या फलाटावरून लोक हातवारे करत होते. ते मला आई दाखवत असावेत असं वाटून मी आणखी पुढे गेलो. मग हॉर्न वाजला. त्याच वेळी कुणीतरी वाकून माझ्या दंडाला धरलं आणि दुसऱ्या कुणीतरी कॉलरला, आणि मला पोत्यासारखं ओढून फलाटावर घेतलं. गुडघा कडेवर आपटला. एक्सप्रेस आली आणि तिच्या वाऱ्याने माझा चष्मा उडाला.

डबे संपत नव्हते. मी उठायचा प्रयत्न करत होतो आणि ज्याने कॉलर धरली होती तो आमच्याच आळीतला दूधवाला मला खाली दाबून धरत होता. तो काय बोलत होता ते मला ऐकू येत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की आई खाली रुळांत होती आणि मला ती सापडली नव्हती. एक्सप्रेस गेली. रुळावर काहीच नव्हतं. खडी, एक पाण्याची बाटली, बस. मग शटलही हलली आणि एकेक डबा समोरून सरकत गेला.

शटल गेल्यावर समोरच्या फलाटावर आई उभी होती.

एकटी, फलाटाच्या मधोमध, पदर तोंडाला लावून. पिशवी तिने सवयीने हातोहात सामान नेणाऱ्यांकडे दिली होती. ती स्वतः मात्र दारातून मागे वळली होती आणि अलीकडच्या दारात उतरणाऱ्या बायकांची गर्दी बघून डब्यातून चालत शेजारच्या डब्यात जाऊन रेल्वेच्या बाजूला उतरली होती, कारण तिने मला बरं म्हटलं होतं. तिथून तिने मला डब्यात चढताना पाहिलं होतं, हाका मारल्या होत्या. मग डब्याच्या उघड्या दारांतून मला पलीकडे उडी टाकताना पाहिलं, आणि लगेच त्याच दारांतून एक्सप्रेस पळताना पाहिली. दोन्ही गाड्या जाईपर्यंत तिच्या लेखी मी मेलेला होतो.

ती रुळाकडे पाऊल टाकेल म्हणून मी ओरडलो, "तिथंच थांब, मी येतो." तिने ऐकलं की नाही माहीत नाही. ती वळली आणि पुलाकडे चालायला लागली.

मी माझ्या बाजूने पूल चढलो, लंगडत. वर पोहोचलो तेव्हा ती अजून अर्ध्या पायऱ्यांवर होती. एक पाय ठेवायची, दुसरा त्याच्या शेजारी आणायची, थांबायची. मी खाली उतरून तिचा हात धरायला गेलो तर तिने हात झटकला. उरलेल्या पायऱ्या ती एकटी चढली आणि मी तिच्या मागे मागे, हात पुढे करून. खाली दोन्ही फलाटांवर माणसं उभी राहून बघत होती.

वर आल्यावर तिने कठडा धरून दम खाल्ला. मग वळून माझ्या मुस्काटात मारली. आयुष्यात तिने मला कधी बोट लावलं नव्हतं.

"मी तुला बरं म्हणले हुते न्हवं?" ती म्हणाली. "तू तुझ्या बाजूला बघितलंबी न्हाईस. माझा शबुद तुला खोटाच वाटला."

गाल चुरचुरत होता आणि मला रडू येत होतं, आणि मी रडलोही, सगळ्यांसमोर. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती कठडा धरून आपल्या बाजूच्या पायऱ्या उतरायला लागली, एकेक करून, आणि मी हात पुढे केला तरी तिने तो शेवटच्या पायरीपर्यंत धरला नाही.